भोंगा थांबला, आरती थांबली नाही

चिंचपोकळी म्हणजे केवळ रेल्वेचे स्थानक नव्हे. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या श्रमिकांनी चाळीचाळींतून वसविलेले ते गाव आहे. १९२० साली लोकमान्य निवर्तले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या येथील सार्वजनिक उत्सव मंडळाचा गणपती आज ‘चिंतामणी’ म्हणून सर्वतोमुखी आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. भोंगे कायमचे मुके झाले, संसार उघड्यावर आले. उत्सवाची परंपरा मात्र तुटली नाही. कामगारात केवळ ‘वर्ग’ पाहणाऱ्या विचारवंतांना समाज जोडणारा हा धागा कधी उमगलाच नाही.

राज्यकर्त्यांना तर फक्त जमीन दिसली. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीत शहराचा आणि घरांचाही वाटा ठरविला. २००१ साली काँग्रेस आघाडी सरकारने तो केवळ मोकळ्या जागेपुरता आक्रसविला. २००६ साली ही दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयात टिकली. परंतु कायद्यात टिकले म्हणून ते न्याय्य ठरत नाही.

गिरणी कामगारांच्या वारसांना घर द्यायचे तर ते याच मातीत द्यावे. चिंतामणीपुढे हात जोडणाऱ्या नेत्यांनी एवढे तरी ध्यानी घ्यावे: भक्त हद्दपार करून देवाचा उत्सव साजरा होत नसतो!