रोख आईवर, धागा घराण्यात

गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलचा संबंध अमेरिकेच्या अध्यक्षांनी सप्टेंबर २०२५ मध्ये ऑटिझमशी जोडला आणि आमच्या ओपीडीत आया जुन्या गोळ्यांचा हिशेब करू लागल्या. स्वीडनमधील सुमारे २५ लाख मुलांचा अभ्यास २०२४ मध्येच प्रसिद्ध झाला होता. त्यात सख्ख्या भावंडांची आपसांत तुलना केल्यावर गोळीचा संबंध उरला नाही. म्हणजे आधी दिसलेल्या किंचित फरकामागे गोळी नव्हे, तर घरातल्या समान गोष्टी असाव्यात. आनुवंशिकता त्यांतलीच एक.

१९७७ मध्ये फोलस्टाइन आणि रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकरूप जुळ्यांपैकी एकाला ऑटिझम असला, तर दुसऱ्याला तो नसतानाही भाषेच्या किंवा आकलनाच्या अडचणी बहुधा आढळल्या. आई-वडील, काका, मामा यांच्यातही सौम्य छटा दिसू शकतात: मोजके बोलणे, ठरलेला क्रम मोडला की अस्वस्थ होणे, एकाच विषयाचा नाद. हा आजार नव्हे. ‘आमच्याकडे असं कोणी नाही,’ असे सुनेला ठणकावणाऱ्या आजोबांचा चहा मात्र पाच मिनिटे पुढे गेलेला चालत नाही! अर्थात, काही मुलांत जनुकीय बदल नव्यानेच झालेला असतो.

ऑटिझम असलेल्या मुलाच्या धाकट्या भावंडात तो आढळण्याची शक्यता साधारण पाचात एक असते. बाळ वर्षाचे होता होता हाकेला ओ देते का, नजर मिळवते का, हे पाहा. शंका आली तर थांबू नका. आणि गरोदरपणी ताप आला, तर तो अंगावर काढू नका. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या.