बर्फाच्या गांवीं एक मोसम

पदवी पदरांत पडल्यावर मुलानें वा मुलीनें परदेशांतील एखाद्या डोंगरी गांवीं जाऊन चार महिने बर्फावर घसरण्याचा खेळ खेळावा, ही कल्पना पुष्कळ पालकांस निव्वळ उधळपट्टीची वाटेल. "शिकवून सवरून मुलगा काय घसरगुंडी खेळावयास पाठवायचा?" असें ते विचारतील. आजवर या प्रश्नास उत्तर देण्याची फारशी गरज नव्हती, कारण तसें जाण्याची वाट आपल्या मुलांस जवळजवळ बंदच होती. २०२४ सालीं ती थोडी उघडली. ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें दरसाल १,००० भारतीय तरुणांस चिठ्ठ्या टाकून निवडण्याची, आणि त्यांस एक वर्ष तेथें राहून फिरण्याचा व फिरतां फिरतां नोकरी करण्याचा परवाना देण्याची योजना सुरू केली. वय १८ ते ३०, निदान दोन वर्षांचें उच्च शिक्षण आणि कामापुरतें इंग्रजी, या तिच्या मुख्य अटी होत.

माझें मत असें कीं, असें वर्ष वायां जात नाहीं. मात्र जाणाऱ्यानें पाहुणा म्हणून न जातां रहिवासी म्हणून गेलें पाहिजे. रहिवासी होण्याची पहिली कसोटी रात्रीं पाठ टेकण्यास जागा मिळविण्याची आहे, आणि हौशी तरुण नेमकी तीच गोष्ट सर्वांत शेवटीं पाहतात.

न्यू साउथ वेल्स प्रांतांतील जिंडाबाइन या गांवाचें उदाहरण घ्या. आपल्याकडे पावसाळा ऐन भरांत असतो तेव्हां तेथें हिवाळा असतो, व जूनपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत मोसम चालतो. गांव तळ्याच्या कांठीं, समुद्रसपाटीपासून सुमारें नऊशें मीटर उंचीवर आहे. तेथें बर्फ फारसा टिकत नाहीं. घसरण्याचे उतार वर थ्रेडबो व पेरिशर येथें, तीस-पस्तीस किलोमीटरांवर. जुनें जिंडाबाइन धरणाच्या पाण्याखालीं गेलें व १९६० नंतरच्या दशकांत नवें गांव वर वसविण्यांत आलें. ज्या स्नोई माउंटन्स योजनेचें हें धरण, तिच्यावर १९४९ ते १९७४ या काळांत तीसांहून अधिक देशांतून आलेल्या लोकांसह लाखावर माणसें राबलीं. १९५७ सालीं ज्या मंडळींनीं थ्रेडबोची मुहूर्तमेढ रोवली, त्यांत याच योजनेवर काम केलेला टोनी स्पोनार हा चेक गृहस्थ होता. त्याच्याहि पूर्वीं, १८६१ च्या सुमारास, कियांड्रा येथें सोनें शोधावयास आलेले नॉर्वेचे लोक पायांना लांकडी फळ्या बांधून घसरत असत. आज हा खेळ पैसेवाल्यांचा झाला आहे खरा. परंतु त्या डोंगरांत तो नेला, तो पोटामागें आलेल्या परक्यांनीं.

दोन फळ्यांच्या जागीं एकच रुंद फळी, व तिच्यावर दोन्ही पाय आडवे जखडलेले, हा स्नोबोर्डचा प्रकार मात्र अलीकडचा. १९६५ सालच्या नाताळांत अमेरिकेंतील शर्मन पॉपेन यानें मुलींच्या करमणुकीसाठीं दोन फळ्या एकत्र जोडल्या. १९९८ सालीं त्याच खेळण्याच्या वंशजाला नागानोच्या ऑलिंपिकमध्यें जागा मिळाली. नवशिक्याचे पहिले दोन-तीन दिवस बर्फावर बसण्यांतच जातात. पडतांना तळहात टेकण्याची उपजत संवय येथें घातक ठरते, कारण मनगट मोडतें. मूठ मिटून कोपरापुढील हातावर भार घ्यावा, आणि डोक्यावर शिरस्त्राण असावें.

आतां जागेविषयीं. शनिवार-रविवारीं सिडनी व कॅनबेरा येथून येणाऱ्या हौशी मंडळींस घर देण्यांत मालकास जो लाभ होतो, तो चार महिने राहणाऱ्या कामकऱ्यापासून होत नाहीं. साहजिकच ज्यांच्या हातांवर गांव चालतें, त्यांसच निजावयास जागा मिळत नाहीं! म्हणून विमानाचें तिकीट काढण्यापूर्वीं काम पक्कें करावें व त्याबरोबर राहण्याची सोय आहे कीं नाहीं, हें लेखी विचारून घ्यावें. काम म्हणजे बिछाने घालणें, भांडीं घासणें, पाळण्यांत बसणाऱ्यांस हात देणें. घरीं आपलें जेवलेलें ताट उचलण्याची ज्यास संवय नाहीं, त्यानें तेथें रोज दोनशें ताटें विसळावीं, यांत मला तरी कांहीं वाईट दिसत नाहीं. मोसमी गांवांत रात्रीं मद्याची रेलचेल असते व आठवड्याची मिळकत एका रात्रींत जाते, हेंहि जाणाऱ्यानें ओळखून असावें.

जागेचा मी एवढा आग्रह कां धरतों, तें सांगतों. ३० जुलै १९९७ च्या रात्रीं साडेअकराच्या सुमारास थ्रेडबो येथें रस्त्याखालचा उतार घसरला. त्याच्याबरोबर एक इमारत खालीं आली व बिंबादीन नांवाच्या दुसऱ्या इमारतीवर आदळली. ही दुसरी इमारत नोकरांच्या निवासाची होती. एकंदर अठरा माणसें मेलीं. बर्फावर घसरण्याचें शिक्षण देणारा स्टुअर्ट डायव्हर तेवढा सुमारें पासष्ट तासांनीं ढिगाऱ्यांतून जिवंत निघाला. त्याची पत्नी त्याच्याशेजारींच मरण पावली होती. जलवाहिनींतून झिरपलेल्या पाण्यानें रस्त्याचा भराव खचला, असें २००० सालीं चौकशींत ठरलें. पुढें तो रस्ता नव्यानें बांधण्यांत आला. हें मी भीति घालण्यासाठीं सांगत नाहीं. दिवसभर धोक्याच्या उतारावर खेळणारीं माणसें त्या रात्रीं अंथरुणांत होतीं, एवढेंच दाखवावयाचें आहे.

तेव्हां पालकहो, मुलानें परवान्याची गोष्ट काढतांच "पडलास तर?" हा प्रश्न प्रथम करूं नका. खोलींत किती जण निजतात, भाडें कोणाच्या हातीं द्यावयाचें, रात्रीं काम सुटल्यावर परतण्यास बस आहे काय, आजारपणाचा विमा उतरला आहे काय, हें विचारा. मोटार घेणार असेल तर तिच्यांत साखळ्या आहेत काय, हेंहि विचारा. कारण मोसमांत त्या राष्ट्रीय उद्यानांत शिरणाऱ्या, दोनच चाकांना इंजिनाची ओढ असलेल्या मोटारीस त्या बाळगाव्याच लागतात. एवढ्याचीं उत्तरें त्याच्यापाशीं तयार असलीं, तर फळी कोणत्या रंगाची घ्यावी हें त्याचें त्यानें ठरवावें.