टर्बो मोटारीचा जमाखर्च

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका कुटुंबात चार वर्षांपूर्वी टर्बो पेट्रोल मोटार आली. पेढीचे काम, पाहुण्यांची ने-आण आणि वर्षाकाठी दोन-तीन लांबचे प्रवास असा तिचा वापर. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र गाडी चढावर पूर्वीसारखी ओढेना. ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून हवा निसटल्यासारखा फुसकारा येई आणि पेट्रोलही अधिक लागू लागले. घरातील नुकत्याच पदवीधर झालेल्या नातवाने त्यावर उपाय शोधला. इंजिनाच्या संगणकातील माहिती बदलून, म्हणजे ‘रीमॅप’ करून, गाडीची शक्ती वाढवून घ्यायची. खर्च तीस हजारांच्या घरात होता.

आजोबांनी सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “बाळ, तूट कुठे आली ते सापडण्याआधीच नवी रक्कम ओतायची का?”

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मेस्त्रीने बॉनेट उघडले. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीचा क्लॅम्प सैल झाला होता आणि सांध्याभोवती तेलकट धूळ साचली होती. क्लॅम्प बदलला आणि गाडी पूर्ववत ओढू लागली. खर्च काही शे रुपयांचा झाला. रीमॅप आधी केला असता तर गळकी नळी तशीच राहिली असती आणि तिच्यातून अधिक दाबाची हवा सोडली गेली असती.

टर्बो मोटार घरी असणाऱ्या प्रत्येकाने या प्रसंगामागील कारण समजून घेणे हिताचे आहे. साध्या इंजिनात पेट्रोल वा डिझेल जळून निर्माण होणारा तप्त धूर सायलेन्सरमधून वाया जातो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या वाया जाणाऱ्या शक्तीचा उपयोग करण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. टर्बोमध्ये एका आसाच्या दोन टोकांना दोन चक्रे असतात. धुराच्या झोताने एक फिरते आणि दुसरे बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक मिळाली की इंधन अधिक जाळता येते, म्हणून लहान इंजिन मोठ्या इंजिनाएवढे काम करते. वातावरणाच्या दाबावर आणखी ०.८ बार दाब दिला, तर इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब जवळजवळ पावणेदोन पटींहून अधिक होतो. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी हवा विरळ होते, तेथे साधे इंजिन थोडे दमते. टर्बो ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो.

हा लाभ फुकटचा नाही. टर्बोचा आस मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो, आणि पेट्रोल गाडीत त्याच्या एका बाजूला येणारा धूर ९०० अंश सेल्सिअसच्याही पुढे तापलेला असू शकतो. एवढ्या वेगात तो आस तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर तुटला की बेअरिंग झिजायला फार वेळ लागत नाही. त्यामुळे टर्बो मोटारीत इंजिन ऑइल ही दुय्यम बाब राहत नाही. तेच मुख्य भांडवल ठरते.

या सत्याची किंमत एका मोठ्या कंपनीने फार पूर्वी मोजली आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबाइल शाखेने ‘जेटफायर’ ही टर्बो मोटार बाजारात आणली. साडेतीन लिटरच्या इंजिनातून २१५ अश्वशक्ती मिळत असे. जास्त दाबामुळे इंधन वेळेआधी पेटू नये, म्हणून शुद्ध पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडले जाई. मालकाकडे काम एकच होते. ती टाकी संपू न देणे. अनेकांनी तेवढेही केले नाही. टाकी रिकामी झाली की यंत्रणा स्वतःहून दाब कमी करी, गाडी मंदावे आणि मालक तक्रार करी. १९६३ नंतर ती मोटार बंद झाली आणि पुढे कंपनीने अनेक गाड्यांवरील टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. यंत्र चांगले होते, पण त्याची रोजची चाकरी कोणी पत्करली नाही.

आजच्या मोटारींत अशी टाकी नसते, तथापि मालकाची चाकरी संपलेली नाही. घरच्या घरी करण्याजोगी कामे पुष्कळ आहेत. दर पंधरवड्याला इंजिन थंड असताना सपाट जागेवर ऑइलची पट्टी काढून पातळी पाहावी. ऑइल बदलताना गाडीच्या पुस्तकात लिहिलेली श्रेणी घ्यावी. बीएस-६ डिझेल गाडीत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला कमी राख सोडणारे विशिष्ट ऑइलच चालते. दुकानदाराकडे असेल ते ओतू नये. हळद, मिरची, धान्य किंवा सिमेंट यांच्या धुळीत उभ्या राहणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तकातील मुदतीपूर्वीच बदलावा लागतो. धुळीचा कण टर्बोच्या पात्याला सँडपेपरसारखा घासतो. हा फिल्टर अनेक गाड्यांत दोन-चार क्लिपा काढून कोणालाही बदलता येतो. बाजारात माल वाहणाऱ्या डिझेल पिकअपलाही हेच लागू आहे, कारण तिच्यातही बहुधा टर्बोच असतो.

चालवण्याची सवय हीदेखील देखभालच आहे. सकाळी गाडी सुरू करताच जोरात ॲक्सिलरेटर दाबू नये; तेल सर्वत्र पोहोचू द्यावे. घाट चढून किंवा महामार्गावर वेगाने येऊन लगेच इंजिन बंद करू नये. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश यावे किंवा मिनिटभर गाडी चालू ठेवावी. अन्यथा तापलेल्या टर्बोत थांबलेले तेल जळून कोळशासारखे साचते आणि तेलाची वाट अरुंद करते.

लक्षणे ओळखण्याची सवयही असावी. निळसर धूर निघाला तर तेल जळत आहे. डिझेल गाडीतून काळा धूर येऊ लागला तर हवा कमी पडते आहे, म्हणजे फिल्टर तुंबला आहे किंवा नळी गळते आहे. सायरनसारखा नवा आवाज आला तर टर्बोची तपासणी टाळू नये. टर्बो बदलण्याची वेळ आलीच, तर जुना का बिघडला हे आधी विचारावे. तेलाची नळी तुंबलेली तशीच ठेवून नवा टर्बो बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो आणि खर्च दुप्पट होतो.

काही कामांना मात्र घरी हात लावू नये. आधुनिक डिझेल इंजिनात इंधनाचा दाब १,६०० बारच्याही वर जातो. सैल केलेल्या नळीतून निघालेली धार त्वचेत शिरते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. काढलेले जुने तेल गटारात न ओतता गॅरेजमार्फत पुनर्प्रक्रियेसाठी द्यावे.

आता राहिला शक्ती वाढवण्याचा मोह. रीमॅपमध्ये टर्बोचा दाब, इंधनाचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ बदलली जाते. अनुभवी तंत्रज्ञ हे काम नीट करू शकतो, यात शंका नाही. पण कारखान्याने उष्णता, निकृष्ट इंधन आणि मालकाचा हलगर्जीपणा यांसाठी राखून ठेवलेली गंगाजळीच त्यात खर्ची पडते. क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक जुन्या शक्तीच्या हिशेबानेच बनलेले राहतात. इंधन वेळेआधी पेटू लागले तर पिस्टन फुटण्यापर्यंत मजल जाते.

कायद्याची बाजू अधिक स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद केली. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडचणीत येऊ शकतो. वॉरंटीचेही तसेच. तीस हजारांच्या हौसेपायी दहा-बारा लाखांच्या मालमत्तेचे संरक्षण धोक्यात घालणे कोणत्याही पेढीच्या हिशेबात बसणार नाही.

हौस असावी, ती देखभालीत भागवता येते. चांगले टायर, वेळेवर बदललेले ब्रेक ऑइल, स्वच्छ फिल्टर आणि योग्य स्पार्क प्लग यांनी गाडी खरोखर चांगली पळते. सांगलीच्या त्या घरी आता गाडीच्या कप्प्यात एक लहान वही असते. तारीख, किलोमीटर, ऑइलची पातळी, केलेले काम आणि बिलाचा क्रमांक नातू स्वतः लिहितो. आजोबा दर महिन्याला पेढीच्या खतावणीबरोबर ती वहीही मागून घेतात, चष्मा चढवून वाचतात आणि एखादा रकाना कोरा दिसला की त्यावर बोट ठेवतात.