सीबीडी ऑइलने जुनी कंबरदुखी खरंच थांबते का? कायदा काय सांगतो आणि संशोधन काय सांगतं?

सकाळी विरारवरून चर्चगेट लोकल पकडायची, तास-दीड तास उभ्याने जायचं आणि संध्याकाळी तसंच परत यायचं. हे रोज करणाऱ्यांमध्ये कंबर, मान किंवा गुडघा धरलेला एखादा तरी ओळखीचा निघतोच. मग कधीतरी रात्री तो मोबाइलवर 'कंबरदुखीवर उपाय' सर्च करतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या फीडमध्ये छोट्या काचेच्या बाटल्या दिसायला लागतात. 'विजया अर्क', 'सीबीडी ऑइल', 'शंभर टक्के कायदेशीर', 'नशा नाही, साइड इफेक्ट नाही'. जिभेखाली काही थेंब टाका आणि वर्षानुवर्षांचं दुखणं विसरा.

अनेकांनी सीबीडी ऑइल हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते २०२० मध्ये, सुशांतसिंह राजपूत प्रकरणाच्या टीव्हीवरच्या चर्चेत. तेव्हा ते ड्रग्जच्या बातमीत होतं. आता तेच नाव औषध म्हणून समोर येतंय. मग खरं काय?

थोडक्यात उत्तर असं : डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अशी काही उत्पादनं कायदेशीरपणे मिळू शकतात. पण सीबीडीने मोठ्या माणसांच्या जुनाट वेदना कमी होतात, हे चांगल्या चाचण्यांमध्ये सिद्ध झालेलं नाही. आता सविस्तर बघू.

सीबीडी म्हणजे नेमकं काय?

भांग, गांजा आणि चरस एकाच झाडापासून मिळतात. पानं म्हणजे भांग, फुलोरा म्हणजे गांजा आणि चीक म्हणजे चरस. आयुर्वेदात या वनस्पतीचं एक नाव आहे विजया. या झाडात शंभराहून जास्त कॅनाबिनॉइड्स असतात. त्यातली दोन महत्त्वाची. टीएचसी, ज्याने नशा चढते. आणि सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल, ज्याने तशी नशा होत नाही.

मग हे भारतात कायदेशीर कसं?

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात चरस आणि गांजा येतात. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणून भांगेचे नियम राज्यं ठरवतात आणि पानांपासून औषध बनवायला वाट राहते.

दुसरा आधार औषध नियमांचा. १९४५ च्या ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स नियमांमधल्या शेड्युल ई(१) मध्ये विषारी घटक असलेल्या आयुर्वेदिक द्रव्यांची यादी आहे. त्यात भांग आहे. अशा औषधाच्या लेबलवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना बंधनकारक असते. म्हणजे 'नैसर्गिक आहे, कुणीही घ्या' हा दावा आपल्याच नियमांत बसत नाही.

या वाटेने काही कंपन्या उभ्या राहिल्या. त्यातली ओळखीची म्हणजे २०१३ मध्ये मुंबईत सुरू झालेली बॉम्बे हेम्प कंपनी. तिच्यात रतन टाटांनीही गुंतवणूक केली होती. पुढे २०२१ मध्ये एफएसएसएआयने हेम्पच्या बिया, बियांचं तेल आणि पीठ खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं. पण बियांचं तेल वेगळं आणि सीबीडी ऑइल वेगळं. बियांपासूनच्या खाद्यपदार्थात किलोमागे ७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त सीबीडी चालत नाही. त्यामुळे हेम्प सीड ऑइल वेदनेचं औषध म्हणून घेतलं, तर त्यात सीबीडी जवळपास नसतंच.

परवाना आहे म्हणजे गुण येतोच ना?

इथेच खरी गल्लत होते. ॲलोपॅथीचं नवं औषध बाजारात आणायला हजारो रुग्णांवरच्या चाचण्या लागू शकतात. आयुर्वेदिक परवान्यात ग्रंथांचा आधार मोठा धरला जातो. परवाना म्हणजे बनवायची आणि विकायची परवानगी. तुमची कंबर बरी होईल, याचं ते प्रमाणपत्र नाही.

जाहिरात मात्र दोन नावं एकत्र वापरते. 'विजया' म्हटलं की हजारो वर्षांची परंपरा पाठीशी येते. 'सीबीडी' म्हटलं की परदेशी विज्ञान येतं. पण परंपरेत वापरली जायची ती अख्खी भांग, तीही शोधन करून आणि इतर द्रव्यांसोबत. त्यात टीएचसीही असतंच. परदेशी चाचण्यांमध्ये बहुतेकदा वेगळं काढलेलं सीबीडी असतं. एकाचा दाखला दुसऱ्याला लावता येत नाही.

चाचण्या काय सांगतात?

ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं : प्रौढांच्या जुनाट वेदनेसाठी सीबीडी देऊ नका, चाचणीचा भाग असेल तरच द्या. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही, आयएएसपीने, २०२१ मध्ये वेदनेसाठी कॅनाबिनॉइड्सच्या सरसकट वापराला पाठिंबा दिला नाही.

डेन्मार्कमध्ये हाताची झीज आणि सोरायसिसचा संधिवात असलेल्या १३६ जणांना रोज २० ते ३० मिलिग्रॅम सीबीडी किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी दिली. फरक दिसला नाही. डोस कमी होता म्हणावं, तर व्हिएन्नात गुडघ्याच्या झिजेच्या ८६ रुग्णांवर रोज ६०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. तरीही खोट्या गोळीपेक्षा जास्त गुण आला नाही. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये वेदनेवरच्या सीबीडीच्या १६ चाचण्या तपासल्या. त्यातल्या १५ मध्ये फायदा दिसला नाही.

दुसरी बाजूही आहे. २०२१ मध्ये बीएमजेतल्या एका तज्ज्ञगटाने म्हटलं की इतर उपाय थकले असतील, तर वैद्यकीय कॅनाबिस तोंडाने घेऊन पाहायला हरकत नाही. पण ही शिफारस त्यांनी स्वतःच 'कमकुवत' ठरवली. २०२५ मध्ये कंबरदुखीच्या ८२० रुग्णांवरच्या चाचणीत एका अर्काने फायदा दाखवला. मात्र तो टीएचसी असलेला पूर्ण अर्क होता, नुसतं सीबीडी नव्हतं. त्यामुळे तो निकाल दाखवून सीबीडीची बाटली विकता येत नाही.

'पण मला तर फरक पडला!'

असं सांगणारा खोटं बोलत नसतो. जुनं दुखणं रोज सारखं नसतं, कधी वाढतं, कधी उतरतं. माणूस महागडी बाटली मागवतो ती दुखणं सगळ्यात वाढलेलं असताना. त्यानंतर ते तसंही थोडं उतरणारच असतं. वर गुण येईल ही आशा असते आणि आशेनेही वेदना खरोखर कमी जाणवते. म्हणूनच चाचणीत अर्ध्या लोकांना खोटी गोळी देतात.

साइड इफेक्ट खरंच नाहीत?

आहेत. अमेरिकेत २०१८ मध्ये शुद्ध सीबीडीचं एपिडायोलेक्स हे औषध मंजूर झालं, पण ते लहान वयात सुरू होणाऱ्या दुर्मीळ अपस्माराच्या प्रकारांसाठी. त्याच्या वापरात झोप, जुलाब, भूक मंदावणं आणि यकृताचे एन्झाइम वाढणं दिसलं. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधांचा परिणामही सीबीडीमुळे वाढू शकतो.

शिवाय बाटलीत काय आहे? अमेरिकेत २०१७ मध्ये ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी झाली. लेबलवर लिहिलेलं प्रमाण फक्त ३१ टक्क्यांत बरोबर निघालं. १८ नमुन्यांमध्ये टीएचसी सापडलं. वसई-विरारमधून नोकरीसाठी आखातात जाणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. तिथल्या अनेक देशांत, तसंच सिंगापूरमध्ये, बॅगेत अशी बाटली सापडणं महागात पडू शकतं. भारतातली चिठ्ठी तिथे चालेलच असं नाही.

मग दुखणाऱ्याने करायचं काय?

तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं म्हणजे जुनाट वेदना. त्याचं कारण आधी शोधायला हवं. पायात बळ नसणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, विनाकारण वजन घटणं किंवा सोबत ताप, यातलं काही असेल तर थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा. एरवी फिजिओथेरपी, नेमाने व्यायाम, झोप आणि डॉक्टरांनी ठरवलेली औषधं यांना सीबीडीपेक्षा भक्कम पुरावा आहे. त्याची रील बनत नाही आणि गुण यायला आठवडे लागतात, इतकंच. कर्करोगाच्या वेदनेसाठी परळच्या टाटा मेमोरियलमध्ये वेगळी व्यवस्था आहे, तिथे बाटलीच्या भरवशावर वेळ घालवू नये.

तरीही घ्यायचंच असेल, तर चार गोष्टी तपासा. आयुष परवाना क्रमांक आहे का? सीबीडी आणि टीएचसी किती, हे त्याच बॅचच्या लॅब रिपोर्टमध्ये लिहिलंय का? तुम्हाला तपासून चिठ्ठी दिली, की दोन मिनिटांच्या चॅटवर? चालू असलेल्या गोळ्या विचारल्या का? आणि जाहिरात संधिवात किंवा कर्करोग बरा करण्याची हमी देत असेल, तर १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानुसार अशा दाव्यांना बंदी आहे.

वेदना खरी असते, म्हणूनच तिच्यावर काहीही विकता येतं. एका बाटलीला जे काही हजार रुपये जातात, त्यात फिजिओथेरपीची कित्येक सेशन्स होतात. ऑर्डरचं बटण दाबण्याआधी हा हिशेब एकदा करून बघा.