रस्ता मोजणारे कोण?

ए. बी. रोडवरची बीआरटीएस गेली. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साडेअकरा किलोमीटर. २०१३ च्या मे महिन्यात ती सुरू झाली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने ती काढून टाकण्याचा आदेश दिला. आपल्या घरांतून काहींना हायसे वाटले, काही हळहळले. पण त्या बारा वर्षांत मंडळाच्या ओट्यावर या विषयावर जितके वाद झाले, त्यांत एकदाही कोणी आकडा काढल्याचे मला आठवत नाही. आणि ओट्यावर बसणाऱ्यांत निवृत्त सिव्हिल इंजिनिअर काही कमी नाहीत!

‘बसची लेन रिकामी पडलेली असते’ हा मुख्य आक्षेप होता. साधा हिशेब करू. समजा, दर दोन मिनिटांनी एक बस येते आणि तीत पन्नास माणसे आहेत. तासाला तीस बसगाड्या, म्हणजे दीड हजार माणसे. शेजारच्या लेनमधून तासाला सातशे मोटारी गेल्या आणि मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर साडेदहाशे. म्हणजे रिकामी दिसणारी लेन जास्त माणसे नेते. पण बस दर पाच मिनिटांनी आली, तर सहाशेच माणसे होतात आणि आक्षेप खरा ठरतो. त्यात आपल्या शहरातल्या असंख्य दुचाकी धरल्या की चित्र पुन्हा बदलते. म्हणजे भांडण रेलिंगांचे नव्हते, दोन बसांमधल्या मिनिटांचे होते. ते कोणी केलेच नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या कोष्टकांत बस म्हणजे साधारण तीन मोटारी धरतात. ते माप रस्त्यावरच्या जागेचे आहे, आतल्या माणसांचे नाही. हा फरक ज्याला ठाऊक नाही, तो कितीही मोठ्या आवाजात बोलला तरी व्यर्थ.

भोपाळची बीआरटीएस २०२४ मध्ये निघाली, दिल्लीची त्याआधीच. अहमदाबादची मात्र २००९ पासून चालू आहे. तिथे आखणीपासून सेप्ट या शिक्षणसंस्थेचे लोक महापालिकेबरोबर बसलेले होते. यश केवळ त्यामुळेच आले असे मी म्हणणार नाही, रस्त्यांची रुंदी आणि राजकीय इच्छाही त्यात होती. तरीपण शहराच्या हाताशी मोजणारी माणसे असणे, ही किरकोळ गोष्ट नव्हे.

आता मूळ मुद्दा. आपली मुले बी. ई. सिव्हिल होतात आणि त्यातली निम्मी संगणकाकडे वळतात. जी राहतात ती नोकरी सोडून, गेट देऊन, दोन वर्षांच्या एम. टेक.ला जाऊ शकत नाहीत. घर चालवायचे असते. अशांसाठी अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत पदव्युत्तर प्रमाणपत्राची सोय आहे. वाहतूक अभियांत्रिकी आणि नियोजनाचे चार-पाच विषय नोकरी सांभाळून करायचे, पुढे जमले तर तेच पदवीत जमा करून घ्यायचे. प्रवास कुठून उपजतात, कुठे जातात, माणूस बस घेतो की स्कूटर, आणि शेवटी कोणता रस्ता धरतो, हे ओळीने शिकवतात. सिग्नलचा काळ कसा ठरवायचा, तेही. आपल्याकडे आयआयटीच्या प्राध्यापकांचे या विषयावरचे आठ आणि बारा आठवड्यांचे अभ्यासक्रम एनपीटीईएलवर आहेत. व्याख्याने फुकट, परीक्षेपुरते शुल्क. आपल्या गोविंदराम सेक्सरिया संस्थेने संध्याकाळचा असा एक वर्ग काढावा, ही मागणी आपण का करू नये?

प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे, हे खरे. त्याच्या बळावर सरकारी नोकरीत बढती मिळेल या भ्रमात कोणी राहू नये. म्हणूनच हा राजकारणाचा विषय आहे. येत्या निवडणुकीत जो नगरसेवकपदाचा उमेदवार आपल्या दारी मते मागायला येईल, त्याला विचारावे: महापालिकेत वाहतुकीचे शिक्षण घेतलेली किती माणसे आहेत, आणि अशा प्रमाणपत्राला भरतीत काही किंमत द्याल का? सुमित्राताई १९८९ पासून आठ वेळा इथून लोकसभेवर गेल्या, तेव्हा आपला आवाज दिल्लीत होता. आता तो इंजिनिअरच्या टेबलावरही हवा.

हे आपल्याला परके नाही. खंडवा-इंदूर रेल्वेसाठी तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारला एक कोटीचे कर्ज दिले. पॅट्रिक गेडीस या गावाच्या गल्ल्या पायी हिंडला आणि १९१८ मध्ये दरबाराला अहवाल देताना सरसकट रस्तारुंदीला विरोध करून गेला. १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर. त्यांच्या समितीच्या शिफारशींतूनच पुढे केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ ची इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. जयकर बॅरिस्टर होते, इंजिनिअर नव्हे! (आपल्यातल्या वकिलांनी याची नोंद घ्यावी.)

मेट्रोचा पहिला सुमारे सहा किलोमीटरचा तुकडा ३१ मे २०२५ रोजी सुपर कॉरिडॉरच्या विरळ वस्तीत सुरू झाला. पुढचा भुयारी मार्ग राजवाड्याच्या जुन्या वस्तीखालून न्यायचा बेत आहे. म्हणजे तो आपल्या आजोबांच्या वाड्यांशेजारून जाणार. त्यावर हरकत घ्यायची असो की पाठिंबा द्यायचा असो, ‘आमचा वाडा जुना आहे’ एवढ्यावर भागणार नाही. स्टेशनात रोज किती माणसे उतरतील, ती कुठे चालत जातील, ठेले आणि रिक्शा कुठे राहतील, याचा कागद लागेल.

माझी सूचना अशी. मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीतून दरवर्षी दोघांचे, मुलगा असो की मुलगी, या प्रमाणपत्राचे शुल्क द्यावे. अट एकच: शिकत असताना त्यांनी राजवाड्याजवळच्या एका चौराह्यावर दोन कामाच्या दिवशी आणि एका शनिवारी पायी जाणारे, दुचाकी, रिक्शा, बस सगळे मोजावे आणि ते आकडे या पत्रिकेत जसेच्या तसे छापावेत. मोजायला चौघे-पाच जण लागतील. पहिल्या खेपेला माझे नाव लिहून घ्यावे; सकाळी आठ ते दहा मी मोकळा असतो.