विद्यापीठाचे ज्ञान किती पोहोचले, हे कोणाला विचारावे?

विद्यापीठात निर्माण होणारे ज्ञान समाजापर्यंत किती पोहोचते, हे मोजून विद्यापीठांची परस्परांशी तुलना करण्याची प्रथा अलीकडे काही देशांत सुरू झाली आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु वरच्या कचेरीत जे मोजले जाते, त्याचेच रकाने पुढे त्याच्या नोंदवहीत उतरतात, हा अनुभव त्यास नवा नाही. म्हणून हे मोजमाप कसे चालते, याची माहिती त्याने व शेतकरी बंधूंनी करून घेणे अगत्याचे आहे.

इंग्लंडातील विद्यापीठांना संशोधनासाठी सरकारी पैसा वाटणाऱ्या ‘रिसर्च इंग्लंड’ या संस्थेने मार्च 2021 मध्ये तेथील विद्यापीठांचा ‘ज्ञान-विनिमय आराखडा’ प्रथम प्रसिद्ध केला. उद्योगधंद्यांशी सहकार्य, स्थानिक विकास, पेटंट व परवाने, लोकसमाजाशी संपर्क अशी एकूण सात अंगे त्यात तपासली जातात. या आराखड्यातील एक गोष्ट निःसंशय घेण्यासारखी आहे. तेथे सर्व विद्यापीठांना एकच फुटपट्टी लावलेली नाही. आकार, विषय व संशोधनाचे प्रमाण पाहून त्यांचे गट पाडले आहेत, व प्रत्येक संस्थेची तुलना तिच्याच गटाच्या सरासरीशी केली जाते. पहिला, दुसरा असे क्रमांक देण्याचे मुद्दाम टाळले आहे. महाराष्ट्रात दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे कोकणातील मुसळधार पावसातील भात व आंबा, तर परभणीच्या विद्यापीठाकडे मराठवाड्यातील कोरडवाहू कापूस व सोयाबीन. यांना एकाच काट्यावर तोलणे न्यायाचे होणार नाही. हीच गोष्ट बागायती व जिरायती गावांतील कार्यकर्त्यांनाही लागू पडते.

मात्र त्या आराखड्यातील पुष्कळशी मापे पैशाची आहेत. सल्ल्याबद्दल किती फी मिळाली, कंत्राटी संशोधनातून किती उत्पन्न झाले, परवान्यांतून काय आले, हे त्यात प्रामुख्याने पाहिले जाते. लोकसंपर्काच्या अंगास असे माप लागू पडेना. तेव्हा तेथे विद्यापीठाने स्वतःच स्वतःला गुण द्यावेत, अशी सोय केली गेली. ज्या लोकांसाठी हे अंग ठेवले, त्यांना गुण देण्याचा अधिकार मात्र मिळाला नाही.

हे पैशाचे माप शेतीस लावल्यास काय होईल? कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावावेत, आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ पतंग सापडल्यावाचून, अगर फुले व बोंडे यांचे सुमारे दहा टक्के नुकसान दिसल्यावाचून, फवारणी करू नये, असा सल्ला दिला जातो. तो ऐकणाऱ्या शेतकऱ्याची एखादी अनावश्यक फवारणी वाचते. औषधाचा खर्च वाचतो, मजुरीही वाचते. पण त्यामुळे विद्यापीठाच्या तिजोरीत एक पैसाही येत नाही. जे ज्ञान फुकट दिले, त्याची नोंद या हिशेबात कोठे करावयाची?

भारतातील स्थितीही विचारात घेण्यासारखी आहे. राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी 2016 पासून प्रसिद्ध होऊ लागली, व 2023 मध्ये तीत कृषी संस्थांची स्वतंत्र यादी करण्यात आली. तिच्यातील एका निकषाच्या नावात समाजापर्यंत पोहोचणे व सर्वसमावेशकता हे दोन्ही आहे. प्रत्यक्षात त्याखाली मुख्यतः परप्रांतीय विद्यार्थी किती, विद्यार्थिनी किती, दुर्बल घटकांतील विद्यार्थी किती, अपंगांसाठी सोयी कोणत्या, हे पाहिले जाते. या गोष्टी आवश्यक आहेत, यात शंका नाही. पण विद्यापीठाच्या दारातून आत कोण आले, एवढेच त्यांवरून समजते. दारातून बाहेर काय गेले, हे समजत नाही.

ते समजून घेण्याची रीत मात्र जुनीच आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात रायन व ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी दोन गावांच्या परिसरातील 259 शेतकऱ्यांना भेटून संकरित मक्याचा प्रसार कसा झाला, हे विचारले, व 1943 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हा असे दिसले की, बियाण्याची पहिली वार्ता बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली होती, पण ते पेरण्याचा निश्चय शेजाऱ्याचे पीक पाहून झाला होता; आणि वार्ता कळण्यापासून पेरणीपर्यंत सरासरीने सुमारे नऊ वर्षे गेली होती. केवळ सभांची हजेरी मोजून हे कधीच उमगले नसते.

शिवाय ज्ञान एकाच दिशेने वाहते, असे समजणेही चूक होय. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी ‘पटेल 3’ भाताच्या पिकातील निराळ्या लोंब्या हेरून, वर्षानुवर्षे निवड करून ‘एचएमटी’ हे वाण तयार केले. पुढे 1998 मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ प्रसारित केले, आणि श्रेय कोणाचे यावरून वाद झाला. वाद बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच: शेतकऱ्याकडून विद्यापीठाने काय घेतले, यासाठी एकाही नोंदवहीत रकाना का नसावा?

मेळाव्याची उपस्थिती, वाटलेली पत्रके, झालेली प्रात्यक्षिके यांची नोंद ठेवण्यास हरकत नाही. तिच्या जोडीला, प्रात्यक्षिक झालेल्या शिवारातील दहा शेतांना कार्यकर्त्याने पुढील हंगामात पुन्हा भेट द्यावी. सांगितलेली गोष्ट कोणी केली, कोणी करून सोडली व का सोडली, कोणी तीत स्वतःच्या अकलेने बदल केला, हे शेतकऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि तो कागद विद्यापीठातील संशोधकाच्या हाती पडेल अशी व्यवस्था व्हावी. यासाठी वेळ कोठून आणावयाचा, असे कार्यकर्ते विचारतील, व ते रास्तच आहे. वर्षातील एखादा मेळावा कमी केल्यास तो वेळ मिळू शकेल.