‘शिक्षा’ कुठल्या भाषेत?

‘शिक्षा’ हा शब्द हिंदीत आणि मराठीत एकसारखाच लिहितात. पण हिंदीत तो शाळेत नेतो आणि मराठीत तुरुंगात. पांढुर्णा आणि सौंसर या भागात हे दोन्ही अर्थ एकाच गल्लीत राहतात. नागपूरहून बैतूलच्या रस्त्याला लागलं की येणारा हा संत्र्यांचा पट्टा बातम्यांत येतो तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीपुरता. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, हे मात्र होतं तसंच राहिलं. आता कोर्टच जर एखाद्याला म्हणालं, ‘जा, शिकून ये’, तर त्याने ते कुठल्या भाषेत शिकायचं?

कोर्ट असं खरंच म्हणू शकतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातलं १४ वं कलम न्यायदंडाधिकाऱ्याला अधिकार देतं, की नवऱ्याला, बायकोला किंवा दोघांनाही समुपदेशनाला पाठवावं. अल्पवयीन मुलांच्या २०१५ च्या कायद्यात गट-समुपदेशन आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत समाजसेवा हीसुद्धा एक शिक्षा झाली. आपल्याला मात्र आठवतो तो पुण्याचा ३०० शब्दांचा निबंध. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातात दोघांचा जीव गेला आणि बालन्याय मंडळाने त्या मुलाला जामीन देताना निबंध लिहायला सांगितला. देश संतापला, ते बरोबरच होतं. पण त्या संतापात ‘कोर्टाने शिकवणं’ हीच गोष्ट हास्यास्पद ठरली, हे मला पटत नाही. कॅलिफोर्नियात घरगुती हिंसाचाराचा दोषी प्रोबेशनवर सुटला, तर त्याला किमान वर्षभर दर आठवड्याला वर्गात बसावं लागतं. एवढा वेळ दिला तर काही शिकवता येईल. ३०० शब्दांत फक्त कागद भरतो.

आपल्याकडच्या कायद्यातही दम आहे. या कायद्याच्या २००६ च्या नियमांतला १४ वा नियम जरूर वाचा. नवऱ्याने आपल्या मारहाणीचं समर्थन समुपदेशनात करायचं नाही, आणि हे त्याला सुरुवात होण्याआधीच सांगायचं. ‘ती उलट बोलली म्हणून’, ‘जेवण वेळेवर नव्हतं म्हणून’ हा सगळा भाग दाराबाहेर. तडजोडीची खटपटही बाईची तशी इच्छा असेल तरच. आपल्या समाजात नवऱ्याला इतकं स्पष्ट कोण सांगतं?

पण हे त्याला कळलं पाहिजे ना! पांढुर्ण्याच्या माणसाला हिंदी येत नाही असं कुणी म्हणणार नाही. बाजारात, बँकेत, शाळेत तो हिंदी सफाईने बोलतो. भांडण मात्र मराठीत होतं, शिवी मराठीत निघते, आणि बाई रडते तीही मराठीतच. ‘मला नांदवत नाहीत’ या तीन शब्दांचं हिंदी करून बघा. ‘साथ नहीं रखते’ म्हटलं की त्यातलं सासर, मान, हक्क सगळं गळून जातं. आणि ‘राजीनामा’? आपल्याकडे तो नोकरीचा देतात. मध्य प्रदेशातल्या कोर्टात राजीनामा म्हणजे आपसात मिटवणं. माहेरी येऊन बसलेल्या बाईला कुणी घाईघाईत ‘राजीनामा कर लो’ म्हणालं, तर मला तो शब्द मराठी अर्थानेच ऐकू येतो. तिने कशाचा राजीनामा द्यायचा, तर तक्रारीचा.

शिकायची गरज फक्त नवऱ्यांना आहे असंही नाही. जुलै २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली, की त्याने मिठाई घेऊन त्याच बाईच्या घरी जावं, राखी बांधून घ्यावी आणि ओवाळणीचे ११,००० रुपये द्यावेत. १८ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. एवढ्यावर न थांबता न्यायाधीशांच्या आणि सरकारी वकिलांच्या प्रशिक्षणात स्त्री-पुरुष संवेदनशीलतेचा भाग घालायला सांगितलं. म्हणजे कोर्टाने कोर्टालाच वर्गात बसवलं. मला हा निकाल फार आवडतो.

कोर्टाची भाषा कोणती, हे राज्य सरकार ठरवतं. ते बदलायचं आंदोलन आपण इथून करू शकत नाही. पण समुपदेशनाची खोली म्हणजे काही साक्षीचा पिंजरा नव्हे. तिथे मराठी बोलणारी व्यक्ती बसवायला कुठलाही कायदा आड येत नाही. मग तेवढं तरी मागावं. आणि आपल्या मंडळानेही एक काम अंगावर घ्यावं. दर वर्षी आपण भित्तिपत्रक काढतो, भाषा दिनाला भाषणं करतो. यंदा त्या १४ व्या नियमाचं एक पान तिकडच्या बोलीतल्या मराठीत लिहू या. त्या भागातले काही जण आपल्या वर्गात आहेतच, त्यांनाच मुख्य लेखक करावं. पहिली अडचण कुठे येणार तेही मला दिसतंय. ‘समुपदेशन’ असा मथळा दिला तर सौंसरच्या बाजारात कुणी मान वळवून बघणार नाही.